तिची ती रात्रीची विनंती मान्य झाली नव्हती

ताई, बारा वर्षं नवऱ्यासाठी प्रार्थना करतेय, आता थांबावं का, असं तुम्ही विचारलंत. वाचून गलबलून आलं. माझा धाकटा भाऊही येशूवर विश्वास ठेवत नाही, त्यामुळे हा थकवा मला ठाऊक आहे.

इथे कोणीतरी बायबलमधल्या लूकच्या १८व्या अध्यायातल्या विधवेचा दाखला दिलाय: ती न्यायासाठी एका बेफिकीर न्यायाधीशाच्या मागे लागते आणि शेवटी तो कंटाळून तिचं ऐकतो. तो योग्यच आहे. पण देव त्या न्यायाधीशासारखा कंटाळून ऐकत नाही, उलट येशू तिथे फरकच दाखवतोय. हे सुटलं की प्रार्थना म्हणजे तगादा वाटायला लागते.

मला जास्त आधार मोनिकाचा वाटतो, मुलगा विश्वासात यावा म्हणून प्रार्थना करत राहिलेल्या संत ऑगस्टीनच्या आईचा. ३८३ साली ऑगस्टीन रोमला निघाला, तेव्हा तो जाऊ नये म्हणून ती किनाऱ्याजवळच्या प्रार्थनास्थळात रात्रभर रडत विनवत होती. तो तिला फसवून जहाजात बसला. सकाळी किनारा रिकामा! पण त्याच प्रवासात पुढे मिलानला त्याला बिशप अँब्रोझ भेटले आणि ३८७ च्या ईस्टरला त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मोनिका वारली. तिचा नवराही आयुष्याच्या अखेरीस विश्वासात आला होता, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगते.

आणि घरी उपदेश कमी करा, ताई. मी भावाशी वाद घालणं सोडलं. आता जेवताना माझे डोळे मिटलेले असतात तेव्हा तो घास हातात धरून थांबतो, काही न बोलता. तुमच्या यजमानांचं नाव आजपासून माझ्याही प्रार्थनेत आहे.