लॉबीचा अध्यक्ष विद्यार्थ्यांचा इंटर्नशिप कार्यक्रम का चालवेल?

वाटसरू:
नमस्कार. माझी पुतणी अमेरिकेत राज्यशास्त्र शिकते. अरब-अमेरिकन राजकारणावर तिला एक टिपण लिहायचं आहे, त्यासाठी तिने खलील जहशान यांची कारकीर्द निवडली. पॅलेस्टिनी मूळ, नॅशनल असोसिएशन ऑफ अरब अमेरिकन्स (एनएएए) या लॉबीचे, म्हणजे खासदारांकडे धोरणासाठी खटपट करणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष, मग अमेरिकन-अरब अँटी-डिस्क्रिमिनेशन कमिटीत (एडीसी) वरचं पद. इथवर सरळ आहे. पण २००४ ते २०१३ ते कॅलिफोर्नियातल्या पेपरडाइन विद्यापीठात शिकवत होते आणि तिथल्या वॉशिंग्टन इंटर्नशिप कार्यक्रमाचे संचालक होते. पुतणी म्हणते, ही सरळ माघार आहे. मला तसं वाटत नाही, पण कारण सांगता येत नाही. वॉशिंग्टनमध्ये काम केलेलं कुणी आहे का इथे?

पोटोमॅककाठची:
आहे, आणि माघार हा शब्द मला मुळीच पटत नाही.

मी लाँगवर्थ इमारतीत एका खासदाराच्या कार्यालयात होते. प्रतिनिधिगृहात ४३५ खासदार, आणि प्रत्येकाला कायम कर्मचारी जास्तीत जास्त १८, तेही मतदारसंघातल्या कार्यालयासकट. म्हणजे परराष्ट्र धोरण बघायला स्वतंत्र माणूस बहुतेकांकडे नसतोच. आमच्याकडे जो मुलगा ते बघायचा, त्याच्याकडेच शेती होती आणि माजी सैनिकांचे प्रश्नही. लॉबीचे लोक भेटायला आले की खासदार क्वचितच भेटत. भेटायचा तो हा मुलगा, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. खोली रिकामी नसली तर बोलणं बाहेर कॉरिडॉरमध्येच, उभ्या उभ्या. पाहुणे एक पानी टिपण हातात ठेवून जात. मुलगा आधी विचारायचा, "तुमच्यापैकी आमच्या मतदारसंघातलं कोण?" कोणीच नसेल तर पुढचं बोलणं पाच मिनिटांत आटपायचं.

आता यात अरब-अमेरिकन संघटनेची अडचण बघा. मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नसारखी अरब वस्तीची गावं सोडली तर त्यांचे मतदार विखुरलेले. मिशिगनच्या खासदाराला जी गोष्ट सांगावी लागत नाही, तीच दुसरीकडे नकाशा उलगडून सांगायची. आणि हे कर्मचारी टिकत नाहीत. पगार कमी, काम फार. वर्षा-दोन वर्षांनी समोर नवा चेहरा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे वर्षानुवर्षं केलेल्या माणसाला हीच मुलं आधीच गाठावीत असं वाटलं, तर त्यात नवल काय? त्यांच्या मनात काय होतं ते तेच जाणोत, पण मी तरी ही कारकीर्द अशीच वाचते. पेपरडाइनची मुलं कॅलिफोर्नियातून एका सत्रासाठी येतात, दिवसा कार्यालयांत राबतात, जोडीला वर्ग असतात. त्यातली काही पुढे त्याच खुर्च्यांवर बसतात.

शिवाय शिकवणं त्यांना नवं नव्हतं. शिकागो आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत त्यांनी अरबी शिकवली आहे. आणि स्वतःची पदवी कुठली? १९७२ची, आर्कान्सातल्या हार्डिंग विद्यापीठाची. हार्डिंग आणि पेपरडाइन दोन्ही चर्चेस ऑफ क्राइस्ट या ख्रिस्ती पंथाशी जोडलेली. अमेरिकेतला हा धार्मिक, बराचसा पुराणमतवादी वर्ग त्यांना विद्यार्थी म्हणून आतून माहीत होता. पुतणीच्या टिपणात हे यायलाच हवं, कारण अरब-अमेरिकन म्हटलं की लोक फक्त मुसलमान धरतात, आणि तिथेच सगळं चुकतं.

कारभारी:
वरचं वाचून एक भर घालतो. या पिढीचं काम धोक्याचंही होतं. एफबीआयने बनावट अरब शेख उभा करून खासदारांना लाचेच्या सापळ्यात पकडलं, ते ॲबस्कॅम प्रकरण. अरबांच्या त्या बदनामीनंतर १९८०मध्ये माजी सिनेटर जेम्स अबूरेझ्क यांनी एडीसी काढली. ११ ऑक्टोबर १९८५ला कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथल्या एडीसी कार्यालयाचं दार उघडताना बॉम्बस्फोट झाला आणि संघटनेचे तिथले प्रादेशिक संचालक ॲलेक्स ओडेह मारले गेले. त्या खुनासाठी आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही. हे माहीत असताना लोक त्या कार्यालयांत रोज जात राहिले, याचं मला फार मोल वाटतं.

वाटसरू:
दोघांचेही मनापासून आभार. पुतणी आता विचारतेय, लॉबी आणि एडीसी यांत फरक काय? आणि २०१३ नंतर पुढे काय?

पोटोमॅककाठची:
एनएएए १९७२ची, काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, धोरणासाठी खटपट करणारी. एडीसी नागरी हक्कांची: भेदभावाच्या तक्रारी, बदनामीला विरोध. पुढे पहिली दुसरीत विलीन झाली, म्हणून जहशान यांच्या नावापुढे दोन्ही दिसतात. पेपरडाइननंतर ते अरब सेंटर वॉशिंग्टन डीसी या संशोधन संस्थेचे कार्यकारी संचालक झाले. तिथेही काम तेच, धोरण ठरवणाऱ्यांपुढे माहिती ठेवायची, फक्त आता संशोधनाच्या बाजूने.

टिपण लिहिताना तिने एखाद्या खासदाराच्या कार्यालयात फोन करून मध्यपूर्व कोण बघतं आणि त्याच्याकडे आणखी कोणते विषय आहेत, एवढं विचारून बघावं. फोन उचलणारा बहुधा इंटर्नच असेल.