डोंगरात चार दिवस : शिखर, घळ, धबधबा आणि शिळाकमान कोणत्या क्रमाने पाहावेत?

पहिलीच_चढण :

आम्ही पती-पत्नी, अकरा व चौदा वर्षांची दोन मुले आणि माझे अडुसष्ट वर्षांचे वडील असे पाच जण चार दिवसांसाठी एका डोंगराळ भागात जाणार आहोत. मुक्काम साधारण १२०० मीटर उंचीवर आहे. माहितीपत्रकात पाहण्यासारखी ठिकाणे सतरा दिली आहेत, त्यांतली चार आम्ही निवडली आहेत : २१०० मीटर उंचीचे एक शिखर (जाऊन-येऊन १४ किलोमीटर), तळातून तीन किलोमीटर चालत जाता येईल अशी एक अरुंद घळ, एक धबधबा आणि पठाराच्या कडेवरची नैसर्गिक शिळाकमान, जिथून सूर्यास्त दिसतो.

पहिल्या दिवशी सगळे ताजेतवाने असतील म्हणून शिखर आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सावली असते म्हणून, घळ असे ठरवले आहे. तासाला चार किलोमीटर धरले तर शिखराला साडेतीन तास पुरतील, त्यामुळे दहाला निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल असा माझा अंदाज आहे. वडील रोज पाच किलोमीटर चालतात, परंतु सपाटीवर. या आखणीत काही चुकत असल्यास जाणकारांनी कृपया सांगावे.

नकाशावाचक :

आपला हिशेब रस्त्याचा आहे, डोंगराचा नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरात आहे : दर पाच किलोमीटरांना एक तास आणि शिवाय चढाईच्या दर ६०० मीटरांना आणखी एक तास. आपल्या शिखराला अंतराचे २ तास ४८ मिनिटे आणि ९०० मीटर चढाईचा दीड तास, म्हणजे ४ तास १८ मिनिटे होतात. हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. मुले आणि ज्येष्ठ बरोबर असताना मी त्याची दीडपट धरतो, म्हणजे सुमारे साडेसहा तास. दहाला निघालात तर परतायला साडेचार वाजून जातील, आणि दुपारचा सगळा वेळ आपण नेमके धारेवर किंवा माथ्याजवळ असाल.

हीच वेळ डोंगरात सर्वांत वाईट. सकाळभर तापलेल्या उतारांवरून दमट हवा वर चढते, दुपारपर्यंत ढग उंच वाढतात आणि मग गडगडाट सुरू होतो. एकदा आम्ही निघायला उशीर केला आणि माथा अवघा चाळीस मिनिटांवर राहिला आहे म्हणून पुढे जात राहिलो. धारेवर असताना माझ्या काठीच्या धातूच्या टोकातून बारीक झूंऽ असा आवाज येऊ लागला, आणि बरोबरच्या मैत्रिणीचे केस टोपीखालून ताठ उभे राहिले. वीज पडण्याच्या बेतात असल्याची ती खूण होती. आम्ही काठ्या टाकून खाली सुटलो. माथा त्या दिवशी पाहिला नाहीच, आणि त्याची खंतही वाटली नाही.

म्हणून सकाळी सहाला निघा, आणि मागे फिरण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवून कागदावर लिहून ठेवा. समजा साडेदहा ठरली, तर साडेदहाला जिथे असाल तिथून वळायचे. माथा समोर दिसत असला तरीही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर ती दहा किलोमीटरांच्या आत आहे असे समजा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्या धारेवर पाऊल टाकू नका. एकट्या झाडाचा किंवा उथळ गुहेच्या तोंडाचा आसरा घेणे हीदेखील चूकच ठरते. शिवाय माथ्यावर मुक्कामापेक्षा पाच-सहा अंश जास्त थंडी असेल, तेव्हा प्रत्येकाच्या सॅकमध्ये वारा अडवणारे जाकीट हवे.

ओढ्याकाठी :

शिखराबद्दल वर आले आहे, पण मला खरी भीती वाटली ती आपल्या घळीच्या वेळेची. पाऊस घळीवर पडावाच लागत नाही; तिच्या पाणलोट क्षेत्रात कुठेही पडला तरी पाणी याच अरुंद वाटेने उतरते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातील अँटेलोप कॅन्यनमध्ये ऑगस्ट १९९७ मध्ये असाच लोंढा आला आणि त्यात अकरा पर्यटकांचा मृत्यू झाला. पाऊस झाला होता तो बराच वरच्या बाजूला.

घळीत शिरल्यावर पाच मिनिटे थांबून दोन्ही भिंती पाहा. डोक्याच्या वर, कधी दोन पुरुष उंचीवर, कपारीत काटक्या, वाळके गवत, एखादा अख्खा ओंडका अडकलेला दिसतो. तो तिथे कोणी ठेवलेला नसतो. मागच्या लोंढ्याची पातळी त्याने दाखवलेली असते. त्या रेषेच्या वर चढून बसता येईल अशा जागा जाताना हेरून ठेवा. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होऊ लागले, पालापाचोळा वाहत आला किंवा वरच्या अंगाने घरघर ऐकू आली, तर पाण्याच्या पुढे पळत सुटण्यापेक्षा लगेच कडेने वर चढावे. सावलीसाठी दुपार निवडण्याचा विचार सोडून द्या. घळ सकाळीच करावी, आणि अंदाज मुक्कामाच्या गावाचा न पाहता वरच्या डोंगराचा पाहावा.

धबधब्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे? पूर्वेला असेल तर सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी राहील आणि तुषारांत इंद्रधनुष्य दिसेल. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर गेला की सपाटीवर उभे राहून समोर पाहणाऱ्याला ते दिसत नाही, त्यामुळे उशिरा जाणारे नुसते पाणी पाहून येतात. डोहात मात्र, विशेषतः फेस उसळतो तिथे, मुलांना उतरू देऊ नका. हवा मिसळलेले पाणी शरीर नीट तोलून धरत नाही आणि चांगला पोहणाराही तिथे खाली जातो.

पहिलीच_चढण :

दोघांचेही आभार. धबधबा पूर्वाभिमुख आहे. नकाशा पुन्हा पाहिला, तेव्हा शिखराच्या शेवटच्या ३०० मीटर चढाईत समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसल्या, म्हणजे तिथे चढ फारच उभा आहे. त्याआधी एक खिंड आहे. वडिलांना तिथे बसवून आम्ही चौघे वर जाऊन आलो तर चालेल का?

जुना_वाटसरू :

खिंडीत एकट्याला बसवू नये. वारा तिथेच सर्वांत जोराचा असतो, धुके उतरले की बसलेल्या माणसाला वाट सुचत नाही, आणि घामाने भिजलेले शरीर दहा मिनिटांत गारठते. वडिलांबरोबर एक प्रौढ थांबावा, किंवा ते दोघे खिंडीतून परत फिरावेत. दोन्ही गटांकडे नकाशा, पाणी, विजेरी आणि भेटण्याची ठरलेली वेळ असावी. संकट आलेच तर शिट्टीने किंवा विजेरीने मिनिटाला सहा इशारे द्यायचे आणि एक मिनिट थांबून पुन्हा द्यायचे, एवढे मुलांकडूनही घोकून घ्या.

नकाशावाचक यांच्या दीडपटीशी मी पूर्ण सहमत नाही. नेस्मिथच्या सूत्रात उतरण धरलेलीच नाही. पुढे एरिक लँगम्युअर यांनी तीव्र उतरणीच्या दर ३०० मीटरांना दहा मिनिटे वाढवायला सांगितले; पण तेही तरण्या गुडघ्यांसाठी. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला अशा घसाऱ्यावरून उतरायला मी चढण्याइतकाच वेळ देतो, आणि दोन काठ्या हातात देतो. माथ्याचा आनंद झाल्यावर पाय निष्काळजी पडतात. मी पाहिलेली घसरगुंडी बहुतेक उतरतानाचीच आहे.

पहिल्या दिवशी शिखर नको. त्या दिवशी कमानीची छोटी वाट करा, म्हणजे वडिलांचा चढणीवरचा खरा वेग कळेल आणि पुढचे हिशेब त्यावर बसवता येतील. शिखर आणि घळ यांचे वार आधी ठरवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसांपैकी ज्या सकाळी आकाश अधिक निरभ्र असेल ती शिखराला द्या, आणि दुसरी घळीला, तीही वरच्या डोंगरात पावसाचा अंदाज नसेल तरच. धबधबा चौथ्या दिवशी सकाळी ठेवा. हवा बिघडली तर धबधबा सोडून तो दिवस राहिलेल्या वाटेला वापरता येईल.

कमानीवर चढून फोटो काढण्याचा मोह मुलांना होईल. अमेरिकेच्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानातील वॉल आर्च ही मोठी कमान ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्रीत कोसळली, तेव्हा फोटो खालून, बाजूला उभे राहून काढावा. आणि सूर्यास्त पाहायचा म्हणजे परतणे अंधारातच होणार. जाताना दर वळणावर मागे वळून वाट उलट्या बाजूने कशी दिसते ते मुलांना पाहायला सांगा, आणि डोक्याला बांधायच्या पाच विजेऱ्या घ्या. पाच जणांत दोन पुरत नाहीत.