कॅसिनोचा कायदा मोडीत निघाला ते बरंच झालं. तुमचं मत?

खडीसाखर
महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंना परवाने देण्याचा आणि त्यांच्यावर कर लावण्याचा कायदा केला, पण तो कधी अमलात आणलाच नाही. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. तरी ‘गोव्याला जाणारा पैसा इथेच अडवा’ ही मागणी अधूनमधून डोकं वर काढतेच. माझा विरोध आहे, आणि तो ‘जुगार म्हणजे पाप’ एवढ्यापुरता नाही. दारूच्या दुकानातून गिऱ्हाईक निदान बाटली तरी घेऊन निघतं. कॅसिनोच्या हिशेबात खेळाचं उत्पन्न म्हणजे लोकांनी लावलेली रक्कम वजा त्यांना परत दिलेली. थोडक्यात, लोक जे हरले ते. सरकार त्यात वाटा घेणार म्हणजे नागरिक जितके जास्त हरतील तितकं तिजोरीला बरं. मग लगाम ओढायचा कुणी?

बदाम सात
लगाम आता तरी कुठे आहे? मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, आणि त्याच्या नाकावर टिच्चून मटका चालला. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ रुपये भाव. आकडे दहा, भाव नऊ, म्हणजे शेकडा दहा खाणाऱ्याच्या, म्हणजे मटकेवाल्याच्या, खिशात. उलट रूलेट, म्हणजे फिरत्या चाकावर गोटी कुठल्या आकड्यावर थांबते त्याचा खेळ. त्याच्या युरोपीय चाकावर ३७ घरं असतात. एका आकड्यावर लावलंत आणि लागला, तर ३५ पट मिळतात, शिवाय लावलेले परत. ‘घराचा’, म्हणजे कॅसिनोचा, वाटा २.७० टक्के. सांगा, लुटारू कोण? आणि राज्य सरकार १९६९ पासून स्वतः लॉटरी विकतंय, तेव्हा नीतिमत्ता कुठे जाते?

आकडेमोड
आकडे बरोबर, तुलना चुकली. ही टक्केवारी एका डावाची आहे. खिशाचं काय होणार ते तासाला किती डाव होतात त्यावर ठरतं.

मटक्याच्या एका बाजाराचे दिवसात निकाल दोन, ओपन आणि क्लोज. दोन्हींवर शंभर-शंभर लावले तर सरासरी तोटा २० रुपये, आणि विषय संपला. रूलेटचे तासाला ४० फेरे धरा. दर फेरीला शंभर म्हणजे उलाढाल ४,००० आणि तोटा १०८ रुपये, फक्त एका तासात. पाच तास बसलात तर ५४०. अमेरिकी चाकावर शून्याची दोन घरं असतात, तिथे वाटा ५.२६ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट.

स्लॉट मशीन, म्हणजे बटण दाबलं की चित्रं फिरून थांबतात ते यंत्र, तर भलतंच प्रकरण. सहा सेकंदांना एक डाव धरला तर तासाला ६०० डाव. ‘मशीन ९५ टक्के परत देतं’ हे खोटं नसतं, पण ते दर डावाला लागू, तुम्ही घेऊन आलेल्या पैशाला नव्हे. हजाराचे ९५० झाले, तेच पुन्हा लावले, ९०२.५० उरले... असे चौदा वेळा फिरवले की सरासरीने निम्म्याहून कमी हातात राहतात. दहा रुपयांच्या डावाने हजार रुपये एकदा फिरवायला दहा मिनिटं लागतात. काढा हिशेब.

वळचण
मशीनची रचनाही बघा. पडद्यावरच्या चित्रांच्या वीस रेषांवर एकेक रुपया लावला, एका रेषेवर आठ रुपये लागले, की दिवे लागतात, संगीत वाजतं. गेले बारा रुपये, पण डोक्यात नोंद होते ती जिंकल्याची. ‘थोडक्यात हुकलं’ असं दाखवणारी चित्रंही त्याच कामाची. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या नियमावलीत जुगाराचा विकार दारू-तंबाखूच्या व्यसनांच्या पंगतीत बसवला, तो उगाच नाही.

आणि फुकटची दारू, फुकटची खोली? सरासरी डाव गुणिले तासाचे डाव गुणिले तास गुणिले घराचा वाटा, हा तुमचा अपेक्षित तोटा. त्यातलाच एक तुकडा पाहुणचार म्हणून परत येतो. म्हणजे आग्रहाचं बोलावणं कुणाला, तर सगळ्यात जास्त हरणाऱ्याला. ‘सज्ञान माणूस आहे, त्याचं तो बघेल’ हा युक्तिवाद मला इथे अडखळताना दिसतो.

टग्या
चिप्स, म्हणजे पैशांऐवजी डावावर लावायच्या चकत्या, घेताना ४० टक्के जीएसटी (सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ होता), जिंकलंच तर ३० टक्के आयकर. खरं ‘घर’ कुणाचं ते कळलं का मंडळी?

बदाम सात
बरं, वेगाचा मुद्दा मान्य. पण त्याला बंदी हेच औषध का? सिंगापूरने २०१० मध्ये कॅसिनो उघडले तेव्हाच नागरिकांना दिवसाला १०० सिंगापूर डॉलर प्रवेशकर लावला, २०१९ मध्ये तो १५० केला. घरच्यांना अर्ज करून माणसाला आत जाण्यापासून रोखता येतं. जपानच्या २०१८ च्या कायद्यात आठवड्याला तीनदा आणि २८ दिवसांत दहादा, एवढीच मुभा स्थानिकांना. गोव्यानेही २०२० मध्ये गोवेकरांना बंदी केली.

खडीसाखर
गोव्याचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं! आपल्या माणसांना नको, पाहुण्यांचं काय ते होवो. नेपाळचंही तेच. दक्षिण कोरियात कोरियन माणसाला एकाच कॅसिनोत प्रवेश आहे. हे जर निरुपद्रवी करमणुकीचं साधन असेल तर स्वतःच्या नागरिकांपासून एवढं लपवायचं कशाला?

प्रवेशकराला दुसरी बाजूही आहे. भरलेले पैसे वसूल करायला माणूस जास्त वेळ बसू शकतो, कारण सिंगापुरात तो पास २४ तासांचा असतो. घरच्यांचा अर्ज तेव्हा कामाचा, जेव्हा घरच्यांना वेळेत कळतं. बहुतेकदा कळतं ते दागिने गहाण पडल्यावर. आणि लॉटरीबद्दल विचाराल तर तीही बंद करा, माझी हरकत नाही.

बदाम सात
मग अटी आणखी कडक करा. आत उधारी नाही, एटीएम नाही, डावाला मर्यादा. ब्रिटनने २०१९ मध्ये सट्ट्याच्या दुकानांतल्या मशीनवरचा कमाल डाव १०० पौंडांवरून २ वर आणलाच ना?

आकडेमोड
आणला, पण यंत्रं वर्षानुवर्षं चालल्यावर. शिवाय वेग आणि डाव दोन्ही छाटले तर परवाना मागायला येणार कोण? येणारा आला तरी पुढे ‘रोजगार जातील हो’ म्हणत अटी सैल करायला मंत्रालयात बसेल.

बदाम सात
बसू द्या. त्याचा परवाना काढून घेता येतो. मटकेवाल्याचं काय काढून घेणार?