अर्टिकेरिया म्हणजे आपलं पित्तच ना? मग पोटाचा काय संबंध?

नमस्कार मंडळी, नाशिकहून विचारतोय. बायकोच्या अंगावर सध्या संध्याकाळ झाली की लाल गांधी उठतात, भयंकर खाज, आणि सकाळी बघावं तर कातडीवर काहीच नाही. सिडकोत स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी कागदावर अर्टिकेरिया लिहून सेटिरिझिन दिली, मागे रांग होती म्हणून जास्त विचारता आलं नाही. आई म्हणते हे साधं पित्त, आमसूल भिजवून अंगाला चोळ. इथपर्यंत ठीक, पण आता पित्त म्हणजे ॲसिडिटीच असं धरून तिने हिचं तिखट, वांगं, तूरडाळ सगळं बंद केलंय आणि नाशकात राहून मिसळ बंद म्हणजे घरात रोज वाजतंय. तर हा शब्द आला कुठून, आणि छातीत जळजळतं ते पित्त नि हे पित्त एकच का? जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद :
दादा, शब्द लॅटिनमधला. अर्टिका म्हणजे तिकडचं एक खाजरं झाड, हिमालयात बिच्छू घास म्हणतात त्याच्या नात्यातलं, हात लागला की आग होऊन अशाच गांधी येतात. त्यावरून १७६९ मध्ये विल्यम कलन या स्कॉटिश डॉक्टरने आजाराला अर्टिकेरिया म्हटलं. आपल्या आयुर्वेदातल्या माधवनिदान या जुन्या ग्रंथात यालाच शीतपित्त म्हणतात, आणि तिथे उपमा झाडाची नाही, गांधीलमाशी चावल्यासारखी सूज असं वर्णन आहे (मला तर हेच जास्त पटतं!). गार वाऱ्याने कफ-वात बिघडतात आणि पित्ताला जाऊन मिळतात असं ते सांगतात, म्हणजे हे पित्त त्रिदोषांतलं, पोटातलं ॲसिड नव्हे. आजच्या भाषेत कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचं खाज-सूज आणणारं रसायन सोडतात, म्हणून तर ते अडवणारी सेटिरिझिन दिलीय, ॲसिडिटीची गोळी नाही. काहींना अंडी, मासे, शेंगदाणे असं ठरावीक काही खाल्लं की उठतं, काहींना पेनकिलरने, खूपदा कारण सापडतच नाही. तेव्हा सरसकट पथ्य नको, गांधी उठायच्या आधी काय खाल्लं, कुठली गोळी घेतली ते लिहून ठेवा. सहा आठवड्यांच्या वर चाललं तर परत दाखवा. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर मात्र आमसूल शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ता :
धन्यवाद ताई. गुडघ्यासाठी ती अधूनमधून पेनकिलर घेते, हे डॉक्टरांच्या कानावर घालतो उद्याच. आईला माधवनिदान सांगून बघतो, लॅटिनपेक्षा तेच चालेल तिच्यापुढे.