विंडोज ११ होममध्ये टेलिमेट्री पूर्ण बंद होते का?

वहीखाते:
करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. सहा लॅपटॉप, सगळ्यांवर विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज. क्लायंटचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट डेस्कटॉपवरच्या फोल्डरांत असतात. टेलिमेट्री, म्हणजे विंडोज आपणहून मायक्रोसॉफ्टला पाठवतं ती वापराची आणि बिघाडांची माहिती. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत) 'अलाऊ टेलिमेट्री'ची किंमत ० केली की मायक्रोसॉफ्टकडे काहीच जात नाही, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. हे खरं आहे का? नसेल तर प्रो ही वरची आवृत्ती घ्यावी का?

रजिस्ट्रीवाला:
नाही. ० ही पातळी फक्त एंटरप्राइझ, एज्युकेशन आणि सर्व्हर आवृत्त्यांत पाळली जाते. होम आणि प्रोवर ० लिहिलंत तरी विंडोज ते १, म्हणजे 'रिक्वायर्ड' (किमान आवश्यक माहिती), असंच धरतं. त्यामुळे एवढ्यासाठी प्रोवर पैसे घालू नका.

तुमच्या हातात आहे ते 'ऑप्शनल' (त्याहून जास्तीची ऐच्छिक माहिती) बंद करणं, आणि तुमच्या कामात तेच सर्वांत महत्त्वाचं. ऑप्शनल चालू असताना एखादा प्रोग्राम कोसळला, तर त्या क्षणीच्या मेमरीचा भाग अहवालासोबत जाऊ शकतो, आणि उघड्या फाइलचा तुकडा त्यात नकळत येऊ शकतो. हे मायक्रोसॉफ्टनेच आपल्या माहितीपत्रकात लिहिलंय. बँक स्टेटमेंट उघडं असताना एक्सेल कोसळलं तर काय जाईल, ते बघा.

सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक इथे ऑप्शनल आणि 'टेलर्ड एक्स्पीरियन्सेस' (या माहितीवरून सूचना, जाहिराती दाखवणं) दोन्ही बंद करा. त्याच पानावर खाली 'डिलीट' बटण आहे, त्याने या मशीनवरून आधी गेलेला डायग्नोस्टिक डेटा (टेलिमेट्रीचंच सेटिंग्जमधलं नाव) पुसता येतो. काय जातंय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर तिथलंच 'व्ह्यू डायग्नोस्टिक डेटा' चालू करून डायग्नोस्टिक डेटा व्ह्यूअर घ्या. त्याला १ जीबीपर्यंत जागा लागते, म्हणून बघून झालं की बंद करा.

निळाढग:
वरचं सगळं करा, पण माझ्या मते खरी गळती दुसरीकडे आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेल्या लॅपटॉपवर वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) फोल्डर बॅकअप बहुतेक वेळा चालू असतो. तसं असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स अख्खेच्या अख्खे क्लाउडवर जातात. टेलिमेट्रीत चुकून एखादा तुकडा जाईल, इथे मूळ पीडीएफच जाते. तीही ज्या कर्मचाऱ्याने लॉगिन केलं त्याच्या वैयक्तिक खात्यात.

बंद करताना क्रम चुकवू नका:

आधी फाइल्सच्या बाजूचं चिन्ह बघा. नुसता ढग असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच. राइट-क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' द्या आणि भरीव हिरवी खूण येईपर्यंत थांबा. मग टास्कबारवरच्या वनड्राइव्हच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्ज > सिंक अँड बॅकअप > मॅनेज बॅकअप इथून तिन्ही फोल्डर बंद करा. डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फाइल्स वनड्राइव्ह फोल्डरच्या आत असतात. त्या कॉपी करून बाहेर काढा, उघडून तपासा, लॅपटॉप अनलिंक करा (वनड्राइव्ह खात्यापासून तोडा), आणि त्यानंतरच वेबवरून पुसा. अनलिंक न करता वेबवरून पुसलंत तर सिंकमुळे (दोन्हीकडच्या फाइल्स सारख्या ठेवल्या जात असल्याने) लॅपटॉपवरच्या वनड्राइव्ह फोल्डरमधूनही त्या उडतात. वैयक्तिक खात्याचं रिसायकल बिन ३० दिवस फाइल्स धरून ठेवतं, तेही रिकामं करा.

वहीखाते:
आभार. होस्ट्स फाइलमध्ये (कोणता वेबपत्ता कुठे न्यायचा हे ठरवणाऱ्या विंडोजमधल्या फाइलमध्ये) टेलिमेट्रीचे पत्ते अडवणारी तयार यादी मिळते, ती टाकू का?

रजिस्ट्रीवाला:
टाकू नका. २०२० पासून विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर अशा होस्ट्स फाइलला 'होस्ट्स फाइल हायजॅक' म्हणून पकडतो आणि ती मूळपदावर आणतो. यादीत चुकून अपडेटचा पत्ता असेल तर सुरक्षा अपडेट्सही अडतील. क्लायंटच्या कागदपत्रांना तो धोका टेलिमेट्रीपेक्षा मोठा. त्यापेक्षा विंडोजच्या 'सर्व्हिसेस' यादीमध्ये 'कनेक्टेड यूजर एक्स्पीरियन्सेस अँड टेलिमेट्री' थांबवून 'डिसेबल्ड' करा, होममध्येही चालतं. मोठ्या अपडेटनंतर ते आणि ऑप्शनलचं बटण दोन्ही पुन्हा बघा.

निळाढग:
एक राहिलं. डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणं) चालू असेल तर ते कुलूप उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की पहिल्यांदा लॉगिन करणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठते. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि लॅपटॉपने की मागितली, तर डेटा अडकतो. सहाही लॅपटॉपच्या की त्या-त्या खात्यातून आजच काढा, छापून कुलपात ठेवा. एन्क्रिप्शन मात्र बंद करू नका. लॅपटॉप चोरीला गेला तर कागदपत्रं वाचवणारं तेच आहे.