मशीन खरंच पोकरच्या प्रोफेशनल लोकांना हरवतं का? आप्पांना उत्तर द्यायचंय

सुरसागरकर:
नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजार. सातम-आठमला (जन्माष्टमीच्या दिवसांत) आमच्या वाड्यात दरवर्षी तीन पत्तीचा डाव बसतो, पैसे नाही लावत, चवळीचे दाणे असतात, आणि आमचे आप्पा (मोठे काका) गेली चाळीस वर्षं तरी तिथे बसतायत. यंदा मी सहज बोलून गेलो की आता कॉम्प्युटर पोकरवाल्यांनाही हरवतो, तर आप्पा चिडलेच. म्हणाले, बुद्धिबळात सगळं पटावर दिसतं, तिथे हरवेल, पण पत्त्यांत समोरच्याच्या हातात काय आहे ते झाकलेलं असतं, ब्लफ मारायला छाती लागते, ज्याला हरायची भीतीच नाही तो ब्लफ काय मारणार. सगळे आप्पांच्या बाजूने झाले आणि मला पुढे काही बोलता आलं नाही.
तर मला नीट समजून घ्यायचंय. खरोखर चांगल्या खेळाडूंना हरवलंय का, आणि भरपूर डाव खेळून, की दोन-चार डावांत नशिबाने? आणि मशीन ब्लफ मारतं म्हणजे नेमकं काय करतं?

अलकापुरीचा_कोडवाला:
हरवलंय भाऊ, पण आधी मशीन हरलंय ते सांगतो, त्याशिवाय पुढचं पटत नाही. २०१५ साली अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीचा क्लॉडिको नावाचा प्रोग्राम चार प्रोफेशनल लोकांविरुद्ध ८०,००० डाव खेळला, नो लिमिट होल्डेम (पोकरचा एक प्रकार, एका वेळी हव्या तेवढ्या चिप्स लावता येतात), एकास एक, आणि ७,३२,७१३ डॉलरच्या चिप्सनी मागे पडला. ही गोष्ट लोक सांगतच नाहीत.
मग त्याच युनिव्हर्सिटीचे टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी लिब्राटस बनवला. जानेवारी २०१७, २० दिवस, १,२०,००० डाव, समोर परत चार प्रोफेशनल, त्यातले डाँग किम आणि जेसन लेस हे दोघं तर क्लॉडिकोला हरवणाऱ्या टीममधलेच. या वेळी मशीन १७,६६,२५० डॉलरच्या चिप्सनी पुढे, आणि चौघांपैकी एकही जण फायद्यात नाही. चिप्स खऱ्या पैशाच्या नव्हत्या पण २ लाख डॉलरचं बक्षीस चौघांत खेळाप्रमाणे वाटलं जाणार होतं, म्हणजे उगाच टाइमपास म्हणून कोणी खेळत नव्हतं.
आता तू नशिबाचं विचारलंस, तो भाग मला सगळ्यात आवडतो. प्रत्येक डाव आरशासारखा दोनदा वाटायचे. एका खेळाडूला जे पत्ते मिळाले तेच दुसऱ्या खोलीत मशीनला, आणि इथे मशीनला जे मिळाले ते तिथल्या खेळाडूला. म्हणजे "त्याला पत्तेच चांगले आले" हे म्हणायची सोयच नाही. आप्पांना हे आधी सांग, पत्ते खेळणाऱ्या माणसाला याचं मोल लगेच कळतं.
अजून एक, खेळाडू दिवसभर मशीनच्या खेळात भोकं शोधायचे, रात्री एकत्र बसून ठरवायचे उद्या कुठे मारायचं, आणि त्याच रात्री मशीन दिवसभरात आपल्याला कुठे जास्त टोचलं ते बघून तेवढा भाग सुधारून ठेवायचं. सकाळी भोक बुजलेलं.

मांजलपूरची_गणितबाई:
ब्लफचं मी सांगते. दहावीच्या मुलांना शिकवते आणि हा खेळ लेकीबरोबर जेवणाच्या टेबलावर खूपदा खेळलेय. फक्त तीन पत्ते घ्या: राजा, राणी, गुलाम. दोघांनी एकेक दाणा मध्ये टाकायचा, एकेक पत्ता घ्यायचा, तिसरा झाकून ठेवायचा. पहिला एक दाणा लावू शकतो किंवा चेक म्हणू शकतो, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देऊ शकतो. त्याने चेक केलं की दुसरा लावतो किंवा तोही चेक करून पत्ते उघडतो. कोणी लावला की समोरच्याने एक दाणा टाकून बघायचं नाहीतर पॅक, म्हणजे डाव सोडायचा. बस. हॅरॉल्ड कून या गणितज्ञाने १९५० मध्ये मांडलेला खेळ आहे हा.
समजा मी दुसरी आहे आणि समोरच्याने चेक केलं. माझ्याकडे राजा असला तर मी नेहमी लावणार. पण फक्त राजालाच लावत राहिले तर राणीवाला दर वेळी पॅक करेल, मला काही मिळणार नाही. आणि गुलामालाही दर वेळी लावला तर तो दर वेळी बघेल न् माझे दाणे जातील. मधलं उत्तर असं, की गुलाम आला की तीनदा पैकी एकदाच लावायचा. मग माझ्या लावण्यात चारात तीनदा राजा आणि एकदा गुलाम असतो, राणीवाल्याला बघायला एक दाणा लागतो, मिळाले तर तीन मिळतात, म्हणजे तीनदा एकेक जाणार आणि एकदा तीन येणार, हिशेब शून्य. तो बघो नाहीतर पॅक करो, त्याला काडीचा फायदा नाही.
आणि हे तीनात एकदा मी ठरवत नाही, वाटीखाली फासा टाकते, १ किंवा २ आला तर ब्लफ. माझा चेहरा वाचून लेकीला काय कळणार, वाटी उचलेपर्यंत मलाच माहीत नसतं! (उलट बाजूलाही तसंच, समोरच्याने लावला आणि माझ्याकडे राणी असली तर मीही तीनात एकदाच बघते. एवढं पाळलं की दुसऱ्याला सरासरी १८ डावांमागे एक दाणा तरी सुटतोच, समोरचा कितीही हुशार असो.)
मोठ्या पोकरमध्ये हे प्रमाण हाताने काढता येत नाही, म्हणून मशीन स्वतःशीच अब्जावधी डाव खेळतं आणि प्रत्येक ठिकाणी पस्तावा मोजतं, म्हणजे इथे पॅक न करता बघितलं असतं तर किती जास्त मिळाले असते. ज्याचा पस्तावा जास्त ते पुढच्या वेळी जास्त वेळा करतं. पद्धतीच्या इंग्रजी नावातच पस्तावा हा शब्द आहे. तेव्हा आप्पांना सांग, भीती त्याला वाटत नाही हे खरंच आहे, पण डाव चुकल्याची चुटपुट ते आपल्यापेक्षा जास्त नीट लिहून ठेवतं.

कारेलीबाग_जुना_खेळाडू:
वरचं सगळं बरोबर आहे पण आप्पांची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. लिब्राटस एकास एक होता. वाड्यात सहा-सात जण बसतात, तिथे ताईंची ती "कितीही हुशार असो" वाली खात्री गणितात उरत नाही, दोनपेक्षा जास्त खेळाडू झाले की तुम्ही तुमचं प्रमाण कितीही पाळा, बाकीच्या दोघांच्या खेळामुळे तुमचं नुकसान होऊ शकतं.
तरीसुद्धा २०१९ मध्ये त्याच सँडहोम आणि ब्राउनचा प्लुरिबस नावाचा प्रोग्राम सहा जणांच्या टेबलावर बसला, पाच प्रोफेशनल आणि एक मशीन, १२ दिवसांत १०,००० डाव, आणि जिंकला. त्याचा मूळ खेळ तयार व्हायला ६४ कोअरचा एक सर्व्हर आठ दिवस चालला, भाड्याच्या हिशोबाने १४४ डॉलरच्या आसपास खर्च. मला हा आकडा सगळ्यात जास्त लागला, कारण एवढे पैसे कोणाकडेही असतात.
आणि एक चाल त्याने खूप वेळा केली जी आम्हाला नवशिक्याची चूक म्हणून शिकवली होती, मागच्या राउंडला समोरच्याने लावलं तेवढंच टाकून नुसतं बघायचं आणि नवीन पत्ता उघडला की समोरच्याला संधी न देता आपणच आधी लावायचं. मी कित्येक वर्षं पोरांना यावरून रागावलोय.
पण हे मशीन समोर कोण बसलंय ते बघतच नाही. आप्पांना माहीत असतं की अमुक शेजाऱ्याला चांगले पत्ते आले की तो चहा खाली ठेवतो, आणि ते त्याच्याकडून एका रात्रीत जेवढे दाणे काढतील तेवढे प्लुरिबस काढेल असं मला वाटत नाही. कच्च्या खेळाडूला पिळणं आणि पक्क्या खेळाडूकडून न हरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आप्पांचं कसब पहिल्यातलं आहे आणि ते खरं कसब आहे.
मी स्वतः एका अ‍ॅपवर खेळायचो, ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद व्हायच्या आधी. एक खेळाडू रात्री दोनलाही आणि सकाळी सातलाही, कठीण असो की सोपं, तेवढ्याच सेकंदांत चाल द्यायचा. मी तक्रार केली, उत्तर आलं नाही. माणूस होता की मशीन, सिद्ध नाही करू शकत. पण त्या दिवसापासून ज्याचा हात दिसत नाही त्याच्याबरोबर खेळणं सोडलं.

सुरसागरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आप्पांना घेऊन बसलो. आरशातल्या डावांचं सांगितलं तर ते गप्प झाले, मग म्हणाले, असं वाटत असतील तर हरणाऱ्याला तोंड नाही. मग राजा-राणी-गुलाम खेळलो, मी दर वेळी दुसरा, वाटीखाली फासा, ९० डाव. शेवटी माझ्याकडे चार दाणे जास्त निघाले, ताईंच्या हिशेबाने पाच यायला हवे होते, एवढ्या कमी डावांत इतकं जवळ येणं हेही नशीबच असणार.
मधेच त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं आणि वाटीकडे बघायला लागले. आज सकाळी फोन आला, चार पत्ते घेऊन हेच केलं तर ब्लफ किती वेळा मारायचा? गणितबाई, एक्का वाढवला तर काय होतं, तुम्ही काढून बघितलंय का?