अशोक सराफ यांचे सिनेमे: तुमची उतरती भाजणी काय?

अशोकमामांच्या सिनेमांची वरून खाली अशी यादी लावू या. दोन अटी. क्रम सिनेमाला नाही, त्यातल्या मामांच्या कामाला द्यायचा; नाहीतर सगळे 'बनवाबनवी' लिहून मोकळे होतील. आणि 'धमाल', 'तुफान' असली विशेषणं नकोत. कुठल्या प्रसंगात ते नेमकं काय करतात ते लिहा. नाटकं आणि मालिका बाजूला ठेवू.

खडूस प्रेक्षक

अट मान्य करूनही पहिला 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हाच. सचिन आणि लक्ष्या यांच्या हाताशी साडी आहे, विग आहे, बदललेला आवाज आहे. धनंजय मानेकडे काय आहे? फक्त थापा. प्रत्येक नवी थाप त्याच्या तोंडून निघते आणि ती त्याला स्वतःला पटल्यासारखी वाटावी लागते. तो डळमळला तर वसंत सबनीसांची सगळी उतरंड कोसळते. 'सत्तर रुपये वारले' एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, पण तो हशा उभा आहे मामांनी त्याआधी सुतकी चेहऱ्याने पुरवलेल्या थापेवर. समोर सुधीर जोशींचे सरपोतदार आहेत, ते वाक्य संपेपर्यंत मामा डोळासुद्धा हलवत नाहीत.

दुसरा 'धुमधडाका' (१९८५). 'व्याख्या, विख्खी, वुख्खू' कागदावर लिहिलं तर शून्य. तो खोकला म्हणजे खोट्या श्रीमंत बापाला विचार करायला मिळालेला वेळ आहे. समोर शरद तळवलकर, प्रश्न अवघड, उत्तर तयार नाही, मग खोकला. गरज नसताना तो एकदाही येत नाही, म्हणून कंटाळा येत नाही. मूळ तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै', त्यावरून हिंदी 'प्यार किये जा'. हिंदीत हे सोंग किशोरकुमारने केलं होतं. दोन्ही लागोपाठ पाहा. किशोरकुमार सोंगात रमतो, मामा सोंग उघडं पडेल या भीतीत राहतात.

रेघोट्या

'धुमधडाका' दुसरा मान्य. पण पहिल्या पाचांत एकही गंभीर भूमिका नसेल तर ती यादी अर्धी. 'वजीर' (१९९४) बघा. राजकारणाचा सिनेमा, समोर विक्रम गोखले. गोखल्यांसमोर थांबे घेत बसलं की माणूस हरतो, कारण थांबा हे त्यांचंच हत्यार. मामा उलट करतात: वाक्यं सपाट, जवळजवळ घाईत टाकतात. लोक 'सांज ये गोकुळी'साठी हा सिनेमा लक्षात ठेवतात, हे जरा अन्यायाचंच आहे.

'भस्म'सुद्धा वर हवा. उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शन पुरुषोत्तम बेर्डे, मामा मसणजोग्याच्या, म्हणजे स्मशानावर जगणाऱ्या माणसाच्या, भूमिकेत. विनोदी नटाने गंभीर काम केलं की तो आवाज खाली नेतो आणि मान झुकवतो, ही नेहमीची चूक. इथे ती नाही.

'चौकट राजा' (१९९१) मात्र प्रभावळकरांचा. मामांचा गणा चांगलाच आहे, पण अट पाळायची तर आठव्याच्या वर नको.

पायलीभर

'कळत नकळत' (१९८९) राहिला. घर फुटत असताना मुलांना हसवणारा मामा. 'नाकावरच्या रागाला औषध काय' त्यांनी स्वतः गायलंय. सुरापेक्षा बोलण्याकडे झुकलेलं गाणं, तयार गायकाकडून ते गोड झालं असतं आणि वाया गेलं असतं. याउलट 'गंमत जंमत'मध्ये (१९८७) 'अश्विनी ये ना'ला किशोरकुमारचा आवाज आहे. तिथे मामांनी अंगाने गायलंय: खांदे, कंबर, चालताना मध्येच थबकणं.

जुनी रीळ

सगळे १९८५च्या पुढेच अडकलात. 'पांडू हवालदार' (१९७५) आणि 'राम राम गंगाराम' (१९७७) घ्या. दादा कोंडक्यांच्या सिनेमात दुसऱ्या नटाला हशा मिळवायची जागा फार थोडी. दादांचा विनोद शब्दातून येतो आणि शब्द त्यांचेच. मग मामांनी काय केलं? ऐकलं. दादा बोलत असताना त्यांच्याकडे लक्ष ठेवून बघा, अर्धं काम तिथे आहे. पुढे लक्ष्यासोबत हेच कामाला आलं.

'एक डाव भुताचा' (१९८२) माझ्या यादीत तिसरा. द. मा. मिरासदारांची कथा, प्रभावळकर मास्तर, मामा मावळ्याचं भूत. भूत फक्त मास्तरला दिसतं, म्हणजे चौकटीतली बाकीची माणसं मामांच्या आरपार बघणार. समोरून प्रतिसाद नाही, तरी लय राखायची. याला कष्ट पडतात, ते दिसत नाहीत.

तळाचा डबा

वरच्या नावांवर भांडण सोपं, तळाचं बोला. १९८९ ते १९९१ या काळात इतके सिनेमे आले की भूमिका एकमेकींत मिसळतात. 'चंगू मंगू' (१९९०) आणि 'फेकाफेकी' (१९८९) खाली जातील. घसरण ओळखायची खूण सांगतो: पात्राचा धंदा काय आणि पैसा कुठून येतो हे अर्ध्या तासात कळत नसेल, तर मामांना ओरडावं लागणार. धनंजय मानेला भाड्याची खोली हवी असते, 'आयत्या घरात घरोबा'मध्ये (१९९१) रिकाम्या बंगल्यात चोरून राहायचं असतं. गरज पक्की, म्हणून विनोद पक्का. गरज नसली की चेहऱ्यावर 'टुंग' असा आवाज लावून हशा मागितला जातो.

हिंदी वेगळं ठेवा. 'करण अर्जुन'चा मुनशी आणि 'सिंघम'चा हेड कॉन्स्टेबल नीट केलेत, पण यादीत नकोत.

खडूस प्रेक्षक

पाहणाऱ्यांना एक सूचना. जुने सिनेमे चौकोनी पडद्यासाठीचे, पण ते रुंद ताणलेल्या प्रतींमध्ये फिरतात, चेहरे चपटे दिसतात. पडद्याचं प्रमाण ४:३ करून घ्या. वाहिनीवरच्या प्रतीत जाहिरातींसाठी वाक्यांमधली शांतता कापलेली असते, आणि मामांचं काम नेमकं त्या शांततेत असतं. अशी प्रत पाहून क्रमांक देऊ नका.

रेघोट्या

'गुपचूप गुपचूप' (१९८३) कोणीच घेतला नाही? प्रोफेसर धोंडांच्या बोलण्याचा हेल पहिल्या प्रसंगापासून शेवटपर्यंत एकदाही सुटत नाही. माझा चौथा तोच, 'वजीर' पाचवा. 'गंमत जंमत' सहावा, आणि तोही निम्मा चारुशीला साबळ्यांमुळे.